गिटारची बदनामी

दुकानात शिरून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोवर मी एका गिटारमधले तीन दोष काढून मोकळा झालो होतो. काउंटरवर आडवी पडली होती ती. मी उचलली, एक डोळा मिटून तिची मान पाहिली, पोटावर टकटक केलं, एक तार ओढून सोडली आणि आतल्या दुकानदाराला ऐकू जाईल असं जरा मोठ्यानेच म्हणालो, "रंग उडाला, आवाज बसला, खुंटी ढिल्ली आहे. अन् हे नवी म्हणून विकून राह्यले तुम्ही? फुकट देल्ली तरी कोणी नेणार नाही."

शेजारच्या स्टुलावर जाड मिशांचा एक पस्तिशीतला माणूस चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. "काका, ती माही आहे. खुंटी बदलाले आणली. आठ वर्सं झाले, माह्या घरची चूल तिच्यावरच चालते."

माझी मुलगी माझ्या मागे उभी होती. वळून तिच्याकडे पाहायची माझी छाती झाली नाही. मी गिटार जागेवर ठेवली, तीही उलटी. त्या माणसाने ती सुलटी केली आणि पुन्हा कप उचलला. तो भीमगीतांच्या पार्टीत वाजवतो, हे नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं, की पोरीसमोर आपली शोभा झाली आहे आणि ती भरून काढली पाहिजे. पुढचं सगळं रामायण या घाईतून झालं.

आता मला भाव करायला का नेतात, तेही सांगतो. मी नांदुऱ्याला एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवतो. गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका ओढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ताणून पाहायचा. मग गाडीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं: ओल आहे, किडकी कवडी आहे, पाला आहे. आमच्या धंद्यात चांगल्याला चांगलं म्हणायची रीत नाही. चांगलं असलं की गप्प बसायचं, वाईट असलं की ओरडायचं आणि शेवटी भाव बोलायचा. गाडीवाल्यालाही हे ठाऊक असतं. तो मनावर घेत नाही. सत्तावीस वर्षं हे केल्यावर माणूस घरी तरी वेगळा कसा राहणार? भावजयीचा फ्रिज, साडूची सोफ्याची जोडी, मेहुणीच्या लग्नातली भांडी, सगळीकडे मला नेतात. बायकोने मात्र मला सोबत न्यायचं केव्हाच सोडून दिलं आहे. ती एकटी जाते आणि काय भावाने आणलं ते सांगत नाही.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर मैत्रिणीची जुनी गिटार घरी आणून शिकली. मग मैत्रीण नोकरीला पुण्याला गेली आणि सोबत गिटारही. त्यानंतर दोन आठवडे आमच्या घरात एक विचित्र प्रकार चालला होता. जेवताना पोरगी डाव्या हाताची बोटं तारा दाबल्यासारखी ताटाच्या काठावर दाबत बसायची. टीव्हीसमोर बसली की स्वतःच्या मनगटावर. ते पाहून मलाच चुळबुळ व्हायची. मग शेगावच्या या दुकानाचा पत्ता तिनेच काढला. टाळ, मृदंग, हार्मोनियम यांचं दुकान, पण वर चार-दोन गिटारही टांगलेल्या. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने पैसे साठवले होते. दुकानदार चाचांनी फोनवर तिला आपण होऊन सांगितलं होतं, की एक कोरी गिटार ट्रान्सपोर्टमध्ये आपटली आहे, खालच्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे, मागे ओरखडा आहे, आवाजाला काही झालं नाही, येऊन बघ, कमी करून देतो. मधे एकदा ती एकटीच जाऊन ती वाजवूनही आली होती. त्या दिवसापासून ताटाच्या काठावरचा प्रकार दुप्पट झाला.

येताना रेल्वेत ती मला म्हणाली होती, "पप्पा, जास्त ताणू नका हं. मला तीच पाहिजे."

"तुले पाहिजे हे तोंडावर दिसू देऊ नको," मी म्हटलं. "बाकी माह्यावर सोड."

तर चाचांनी आतून ती खरी गिटार आणली. साठीतला माणूस, दाढी पांढरी, बोटांना मृदंगाच्या शाईचे काळे डाग. गिटार मांडीवर पालथी घालून त्यांनी ओरखडा स्वतःच दाखवला. लांब होता, वीतभर. मग कोपरा दाखवला. "भाऊ, लपवाचं काही नाही. नवी आठ हजाराची आहे. सात हजार दोनशे द्या."

हे मला भारी पडलं. दोष समोरच्यानेच सांगितल्यावर माझ्यासारख्याने काय करायचं? सत्तावीस वर्षांत एकही गाडीवाला येऊन म्हणाला नाही, की साहेब, खालच्या थरात ओल आहे. मग मी नसलेले दोष काढायला लागलो. मान वाकलेली आहे, म्हटलं. आपटली म्हणजे आतून सांधा हलला असणार. लाकूड ओलं वाटतं. तार सोडल्यावर मागून भुणभुण येते. वर्षभरात पोट फुगेल. गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण आवाज असा लावला की जणू जन्मभर गिटारच मोजत आलो.

चाचा ऐकत राहिले. "सात हजार."

"पाच."

"भाऊ, कापूस आहे काय हा?"

माझा धंदा त्यांना कुठून कळला, या विचाराने मी आणखीच बिथरलो. नंतर ध्यानात आलं, बोलताना मी गिटारच्या पोटातल्या भोकात हात घालून चाचपत होतो.

मग मी शेवटचा डाव टाकला. "चाल वं," असं मुलीला म्हणून उठलो आणि पायऱ्या उतरलो. दहा पावलांत हाक येते, हा अनुभव आहे. मी शेजारच्या पेढ्याच्या दुकानापुढे थांबलो. पेढ्यांकडे पाहिलं. चपलेचा अंगठा ठीक केला. हाक नाही. परतीच्या गाडीला पाऊण तास राहिला होता. मी घड्याळ पाहिलं, पुन्हा पेढे पाहिले. पेढेवाला म्हणाला, "काय देऊ?" मी म्हटलं, "काही नाही, पाहून राह्यलो."

मुलगी वर दुकानाकडे पाहत होती. "थांब," मी तिला हळूच म्हटलं, "बोलावते तो."

"पप्पा, राहू द्या. नको मला ती."

मला वाटलं, काय अभिनय करते पोरगी. बरोबर दुकानात ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली. माझी छाती फुगली. आणि खरोखर वरून हाक आली, "भाऊ, या. पाच हजार आठशे. पोरीच्या तोंडाकडे पाहून देऊन राह्यलो."

मी पायऱ्या अशा चढलो, जणू निवडून आलो आहे. मिशीवाल्याकडेही एकदा पाहून घेतलं. मुलीला म्हटलं, "काढ पैसे."

तिने पर्सला हात लावला नाही. ती गिटारकडे पाहत होती, पण जवळ जात नव्हती.

"नको," ती म्हणाली. "मान वाकलेली असेल तर बोटं चुकीच्या जागी बसतील. लाकूड फुगलं तर वर्षभरात गेलीच. एवढे पैसे पुन्हा कधी जमतील माझे?"

मला कळायला वेळ लागला. मी बोललो ते सगळं चाचांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. मिशीवाल्यानेही. विश्वास ठेवला होता तो एकट्या माझ्या पोरीने. गाडीवाल्याला माझी रीत ठाऊक असते. पोरीला कशी असणार? घरी मी तिच्याशी कधी भाव केला नव्हता.

"अवं, तसं काही नाही," मी कुजबुजलो.

"म्हणजे?"

"म्हणजे मान सरळ आहे."

"मोठ्यानं बोला न भाऊ," चाचा म्हणाले. "ऐकू नाही आलं."

"सरळ आहे," मी म्हटलं.

"अन् लाकूड?"

"लाकूड कोरडं आहे."

"भुणभुण?"

"ते दुकानातला पंखा असन."

मिशीवाला आता खाली मान घालून चहाच्या रिकाम्या कपात पाहत होता. त्याचे खांदे हलत होते. माझ्या कपाळावर घाम आला. भाव पाडताना मी एवढा घामाघूम कधी झालो नव्हतो. आणि एवढं करूनही पोरीचा चेहरा तसाच. तिने विचारलं, "पप्पा, तुम्ही आत्ता खरं बोलता की मघाशी बोलत होते?"

दोन्ही वेळा मी त्याच तोंडाने, तेवढ्याच खात्रीने बोललो होतो. आणि दोन्ही वेळा मला गिटारमधलं काही कळत नव्हतं.

मी मिशीवाल्याकडे वळलो. ज्याची रोजीरोटी मी मघाशी फुकटातही नको म्हटली होती, त्याच्याकडे. "भाऊ," मी म्हटलं, "तुम्ही जरा पाहता काय?"

त्याने आधी सावकाश कप ठेवला, मिशा पुसल्या, मला ताटकळत ठेवलं. त्याचा हक्कच होता तो. मग त्याने गिटार घेतली, मानेच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहिलं, मानेवरच्या प्रत्येक पट्टीवर बोट ठेवत तारा छेडल्या, कोपऱ्यावर कान लावून टिचकी मारली. घाई नाही, बडबड नाही. हा माणूस आमच्या जिनिंगला हवा होता.

"ताई, मान सरळ आहे," तो तिला म्हणाला, मला नाही. "कोपऱ्याचा फक्त वरचा रंग गेला, सांधा पक्का आहे. तारा मात्र पडून पडून जुन्या झाल्या, गंजून राह्यल्या. तूच वाजवून पाह्य."

ती बसली. घरी रोज संध्याकाळी ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालेले तेच सुरुवातीचे सूर तिने वाजवले. एकदा अडखळली, पुन्हा केलं. दुसऱ्यांदा वाजवताना तिचा गाल लाकडाला टेकला होता. मी उभ्याउभ्या पाय बदलत होतो. मला काही बोलायचं होतं, पण काय बोललो तर बिघडणार नाही, हे कळत नव्हतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा दुकानात गप्प राहिलो.

वाजवून झाल्यावर तिने चाचांनाच विचारलं, "चाचा, कोपरा नीट करायला काय लागेल?"

"पॉलिशवाला पाचशे घेते, बेटा. ओरखडा नाही जात. उद्या विकाले काढली तर त्याचे सहा-सातशे कमी येतीन."

"मग आठ हजारातून तेवढेच कमी करा. आणि तारा नव्या टाकून द्या."

चाचांनी मनात हिशेब केला. "सहा हजार आठशे. तारा टाकून देतो."

पाच हजार आठशेला ठरलेला माल सहा हजार आठशेला जाताना मी माझ्याच डोळ्यांनी पाहत होतो. तोंड उघडलंही. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

तारा बदलायला वेळ लागला आणि आमची गाडी गेली. पुढची मिळाली तिला गर्दी होती. पोरगी दोन्ही हातांनी गिटार कवटाळून उभी, मी पुढे हात पसरून कोणाचा धक्का लागू नये म्हणून लोकांना हटवत होतो. कोणी काही बोललं तर सांगायचो, "नवी आहे, सांभाळून." मधल्या जलंब स्टेशनपर्यंत मी तिला तीनदा म्हणालो, की चांगली मिळाली. ती प्रत्येक वेळी नुसती "हं" म्हणाली.

घरी आल्यावर ती आपल्या खोलीत गेली. वाजवायला लागली. मी दारातून डोकावलो. चार सूर वाजवायची, थांबायची, गिटार उचलून एक डोळा मिटून मानेकडे पाहायची, पुन्हा वाजवायची. पुन्हा थांबायची. मी आत जाणार होतो, पण काय म्हणून जायचं ते सुचेना. स्वयंपाकघरात येऊन बायकोला झालेलं सगळं सांगितलं. माझी फजिती जरा कमी करून आणि चाचांचा पहिला भाव जरा वाढवून. ती भाकरी थापत ऐकत होती. आतला आवाज पुन्हा थांबला, तसे तिचे हातही थांबले. मी म्हटलं, "कायची एवढी पाहून राह्यली मान? सरळ आहे म्हणून त्याने सांगितलं न."

बायको म्हणाली, "त्यानं सांगितलं. तुम्ही सांगितलं ते भाव चालू असताना. भाव झाला न आता? मग जा, तिच्यापुढं बसा, अन् चांगली वाजते म्हणा. अन् पुढं 'पण' लावू नका."