उशीखालचा टाक

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. पस्तीस वर्षं नर्स होते, माणसं डोळ्यांदेखत जाताना पाहिलीत... तरी हे लिहायला बसले आहे.

बहात्तरचा दुष्काळ. आम्ही पुणतांब्याचे. मी पंधरा वर्षांची. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी दादांनी - म्हणजे वडिलांनी - बौद्ध धम्म घेतला आणि घरातले देव टोपलीत भरून गोदावरीत सोडले. तेव्हापासून आमच्याकडे देवाचं नावही निघत नसे.

त्या वर्षी नदी ठणठणीत कोरडी. वाळूत हातभर झिरा खणायचा आणि वाटीवाटीने पाणी भरायचं. आई आठवडाभर तापाने फणफणलेली. डॉक्टर म्हणाले, "आता नुसतं वाट बघणं." दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला बाहेरगावी गेलेले. मी रडत रडत झिरा खणत होते आणि हाताला पितळेचा टाक लागला. देवाचा ठसा असलेला छोटासा पत्रा, काठाला खाच पडलेला.

दादांचा राग मला ठाऊक होता. तरी मी तो टाक आईच्या उशीखाली ठेवला आणि त्याला म्हणाले, "हिला उठव, मी तुला घरात ठेवीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी उशी ओलीचिंब. घाम असेल म्हणून वाळत घातली. टाक तिथेच होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओली, आणि वर नदीची वाळू. आमच्या घरात तर प्यायलाही धड पाणी नव्हतं. मी इतकी घाबरले की दादा दारात येताच सगळं सांगून टाकलं.

दादा ओरडले नाहीत. मटकन खाली बसले.

"काठाला खाच हुती का?"

खाचेचं मी बोललेच नव्हते.

"ल्हानपनी दगडानं मीच पाडली हुती ती," ते म्हणाले. उशीकडे मात्र बघेनात. दादांनाही भीती वाटते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आम्ही उशी उचलली. टाक नव्हता. घरात मी आणि आई, दोघीच होतो, आणि आईला तर कूसही बदलता येत नव्हती. त्याच संध्याकाळी तिचा ताप उतरला. पुढे ती तीस वर्षं जगली.

नदी आटली म्हणून टाक वर आला, समजू शकते. ताप उतरतो, तेही. पण ते पाणी कुठून आलं? टाक कुठे गेला? देव मी आजही मानत नाही. पण घरात ठेवीन असा शब्द दिला होता आणि तो पाळला गेला नाही. म्हणून रोज झोपण्याआधी उशीखाली हात घालून बघते. कोरडं लागलं की मगच डोळे मिटते.