आषाढात रंगवलेलं घर

आषाढ लागला की बेंगळुरूत दोन गोष्टी हमखास होतात. कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांवर ‘आषाढ सेल’चे फलक लागतात आणि आमच्या ह्यांचा धंदा बसतो. हे लग्नपत्रिका छापतात. आषाढात लग्नं नाहीत म्हणून पत्रिका नाहीत, आणि पत्रिका नाहीत म्हणून हे घरापुढच्याच दुकानाच्या पायरीवर बसून दुसऱ्याच्या कारभारात लक्ष घालतात. त्या वर्षी त्यांनी माझ्या फ्लॅटमध्ये लक्ष घातलं.

फ्लॅट माझा, म्हणजे कागदावर माझाच. एका शाळेच्या ऑफिसात मी बावीस वर्षं कारकुनी केली. निवृत्तीच्या वेळी जे हातात आलं त्यातून जे. पी. नगरमध्ये एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. गुंतवणूक आहे, भाडं येईल, म्हातारपणी कोणापुढे हात पसरायला नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. पाच वर्षं एक कुटुंब राहिलं. ते गेलं आणि मग कोणी येईना. माणसं जिना चढून यायची, दारातूनच आत बघायची, ‘कळवतो’ म्हणायची आणि जायची. त्यांचंही काही चुकत नव्हतं. भिंतींचा रंग उडालेला, न्हाणीघराच्या फरश्या पिवळ्या पडलेल्या, स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं लोंबकळत होती.

“श्रावण लागेपर्यंत भाडेकरू आला तर सरी, ठीकच,” हे एक दिवस जेवताना म्हणाले. “नाही तर विकून टाकू. तळमजल्यावरचे घ्यायला तयारच आहेत. दुकानात नवं मशीन तरी येईल.”

मुलगा मान खाली घालून जेवत राहिला. सुनेने मला आणखी एक पोळी वाढली. फ्लॅट माझ्या नावावर आहे, हे त्या ताटांवर कोणीच बोललं नाही. नाव कागदावर असणं वेगळं आणि घरात असणं वेगळं. मीही भांडले नाही, कारण भांडून भाडेकरू येत नसतो. मी फक्त इतकं म्हटलं, की श्रावणाला अजून वेळ आहे.

आषाढ सुरू झाला त्या दिवशी मी रंगारी गाठला. आषाढात कोणी गृहप्रवेश करत नाही, त्यामुळे रंगाऱ्यांना काम कमी असतं आणि ते भावात जरा ऐकतात. हा मुरलेला माणूस होता, माझ्याच वयाचा. मी त्याला अण्णा म्हणायची, तो मला अक्का. भिंत वाजवून बघत तो म्हणाला, की पुट्टी सगळीकडे नको, जिथे पोपडे आहेत तिथेच भरू, दोन हात रंगात घर नवं दिसेल. मला असा माणूस आवडतो. उगाच खर्चात पाडत नाही आणि उगाच धीरही देत नाही.

त्याला काम देऊन मी घरी बसायला हवं होतं. पण मला बसवेना. सकाळी स्वयंपाक उरकला की मी आमच्या चामराजपेटहून बस धरायची, जे. पी. नगरला उतरायची आणि तीन मजले धापा टाकत चढायची. हस्तिदंती रंग एका भिंतीला लागला आणि मला तो आजारी वाटला. फिकट पिवळा आणवला, तो हळदीसारखा वाटला. तिसऱ्यांदा पुन्हा हस्तिदंतीवर आले तेव्हा अण्णाने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

“अक्का,” तो म्हणाला, “मने बाडिगेगा, मदुवेगा?”

घर भाड्याने द्यायचंय की लग्नाला सजवायचंय, असं विचारत होता. मी हसले, पण रागही आला. लग्नपत्रिकेवाल्याच्या बायकोला असं विचारतात का? म्हटलं, “अण्णा, तू स्वल्प गप्प बस आणि हस्तिदंती लाव.”

बाकीची कामं मी स्वतः अंगावर घेतली. न्हाणीघराच्या फरश्यांना अ‍ॅसिड लावून दोन दिवस घासलं, फटींत पांढरं सिमेंट भरलं. नखं गेली, पण फरशी अशी निघाली की मलाच लाज वाटली, आधीच्या लोकांना ही का दाखवली नाही म्हणून. कपाटांच्या दारांना नव्या बिजागऱ्या, पितळी दिसणाऱ्या मुठी. ट्यूबलाइट काढून पिवळसर दिवे. सेलमधून पडदे आणले, मोरपंखी रंगाचे, आणि ते आखूड निघाले. मी खाली पांढरी पट्टी जोडली, हाताने, जमिनीवर बसून. आखूडच ठेवले असते तरी चाललं असतं. भाडेकरू काय पडद्याची लांबी मोजून येतो?

अण्णाचं काम अकरा दिवसांत संपलं. तो शिडी खांद्यावर टाकून गेला आणि मी तरीही जात राहिले. दुसऱ्या दिवशी खिडकीचे गज पुसले. काल पुसले होते तेच. थर्मासमधून चहा न्यायची, ताज्या रंगाच्या वासात तो पीत बसायची. कोणी हाक मारत नव्हतं. कुठली वस्तू कुठे आहे हे कोणी विचारत नव्हतं. आमच्या घरी सहा माणसं आणि तीन खोल्या, माझ्या पलंगाखालीसुद्धा पत्रिकांचे खोके. इथे पाय पसरले तर कशालाही लागत नव्हते.

रविवारी एक जोडपं आलं. दोघेही नागपूरचे, सर्जापूर रोडकडच्या कंपनीत नोकरी, पण बरंचसं काम घरूनच. सर्जापूर रोडवरच्या धुळीला आणि गर्दीला कंटाळले होते. मुलगी आत आली आणि सरळ खिडकीपाशी गेली.

“काकू, किती मस्त आहे हो! लाइट बघ ना रे,” ती नवऱ्याला म्हणाली. “इथे माझं डेस्क बसेल.”

मुलाने नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला, प्लगची बटणं दाबून पाहिली. भाडं, अ‍ॅडव्हान्स, सगळ्याला हो म्हणाला. घासाघीससुद्धा केली नाही. “आमच्या ओनरने महिनाअखेर सांगितलंय. येत्या शनिवारी शिफ्ट झालो तर चालेल ना, काकू?”

आणि मी म्हणाले, “आत्ता आषाढ आहे.”

त्यांना समजलंच नाही. मी समजावलं, की आमच्याकडे आषाढात नव्या घरात पाऊल टाकत नाहीत, श्रावण लागला की या. मुलगा हसून म्हणाला, “काकू, आम्ही हे सगळं मानत नाही.”

“मी मानते,” मी म्हणाले.

मुलीने मला वळवायचा प्रयत्न केला, पण मी ऐकायलाच तयार नव्हते. दोन आठवडे सामान घेऊन त्यांनी कुठे राहायचं, हा साधा प्रश्न होता आणि मी तो विचारला नाही. शेवटी ती म्हणाली, “ठीक आहे काकू, मग आम्हाला दुसरं बघावं लागेल.” ते जिना उतरून गेले. मी दार लावलं आणि मला हायसं वाटलं. सणाच्या दिवशी पाहुणे परतले की वाटतं तसं. पडदा सारखा केला आणि उरलेला चहा प्यायले.

घरी येऊन ही हकीकत सांगितली तर हे पायरीवरून उठून आतच आले.

“आलेला भाडेकरू परत पाठवलास?”

“आषाढ आहे हो.”

“मला आषाढ शिकवतेस? माझी चूल महिनाभर त्याच्यापायी थंड असते. तुला आषाढ एवढा कळतो, तर रंग कशाला लावलास आषाढात? पडदे कशाला आणलेस? तेव्हा नाही आठवला?”

“रंग लावणं वेगळं, राहायला जाणं वेगळं.”

“राहायला कोण जात होतं? ते की तू?” हे म्हणाले आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहत राहिले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “तुला ते घर द्यायचंच नाहीये गं. तसं सांग. आषाढावर कशाला ढकलतेस.”

मी भडकले. इतक्या वर्षांचं काय काय काढलं, त्यातलं निम्मं त्या विषयाचं नव्हतंच. सून नातवाला घेऊन गच्चीवर गेली. पण बोलता बोलताच मला कळत होतं, की ह्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतात तसं तरी माझं होतं का? पळतं तरी कुठे होतं? मी हातचं नुसतंच सोडलं होतं. दोन आठवडे आणखी पाय पसरून बसता यावं म्हणून मी एक चांगलं जोडपं हाकललं होतं, आणि त्यानंतर घर विकलं गेलं असतं तर कायमचीच उठले असते.

रात्र तळमळत काढली. सोमवारी सकाळी मुलीला फोन लावला. दुसऱ्या एका घराला दुपारी टोकन द्यायला निघणार होती ती दोघं.

“देऊ नका,” मी म्हणाले. “शनिवारी या.”

“पण काकू, आषाढ?”

“शुक्रवारी मी जाऊन दूध उतू घालवते. घरात प्रवेश मी केला असं होईल. तुम्ही नुसते राहायला या.”

असं काही शास्त्रात असेल असं मला वाटत नाही. मी ते फोनवर उभ्या उभ्या रचलं. पण शुक्रवारी गेले खरी. नव्या पातेल्यात दूध ठेवलं, ते ओट्यावर उतू जाऊ दिलं, दिवा लावला, आणि नुकताच चकचकीत केलेला ओटा पुन्हा पुसला. राहिलेल्या दुधाचा चहा केला आणि एकटीने प्यायले. शनिवारी त्यांचा टेम्पो आला. ह्यांनी स्वतः करारावर साक्षीदार म्हणून सही केली आणि विकण्याचा विषय संपला. ह्यांचा शब्द असतो तो असतो.

मंगळवारी मी भाजी आणायला म्हणून निघाले आणि जे. पी. नगरच्या बसमध्ये बसले. कारण तयार होतं: न्हाणीघरातला नळ थोडा ठिबकत होता, तो बघायचा. तीन मजले चढले, पिशवीतून माझ्याकडची दुसरी किल्ली काढली, लॅचमध्ये फिरवली आणि दार ढकलून आत गेले. रोज जायची तशीच.

मुलगी खिडकीशी टेबलावर बसली होती, डोक्याला ओला टॉवेल, कानाला हेडफोन, समोर लॅपटॉपवर चारपाच माणसांचे चेहरे. ती किंचाळली. त्या चेहऱ्यांनीही मला पाहिलं असणार. मी हातातल्या चपला तशाच धरून उभी. तिने घाईने लॅपटॉप मिटला.

“काकू! तुम्ही आत कशा आलात?”

नळ, असं काहीतरी मी पुटपुटले. तिने स्वतःला सावरलं, बिचारी चांगल्या घरची होती. मला खुर्ची दिली, पाणी आणलं, चहा घेता का विचारलं. मी खुर्चीच्या कडेवर बसले. माझे पडदे काढून तिने जाड करडे लावले होते, ऊन लॅपटॉपवर येतं म्हणून. माझे पडदे घडी करून एका खोक्यावर ठेवले होते.

“काकू, राग मानू नका,” ती हळू म्हणाली, “पण पुढच्या वेळी आधी फोन कराल का?”

राग कसला मानते? भाडेकरूच्या घरात न विचारता शिरणारी मालकीण मी दुसऱ्या कोणाची ऐकली असती, तर तिला नावं ठेवली असती. मी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

“हीही ठेव. माझ्याकडे आता नाही.”

“अहो, तशी गरज नव्हती, काकू.”

“आहे,” मी म्हणाले.

बाहेर आले, तिने दार लावलं आणि आतून कडी घातली. घर वाचलं होतं, मलाच ते वाचवायचं होतं, आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभी राहून मला रडू येत होतं. अठ्ठावन्न वर्षं आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या घरी राहिले. मग पाच वर्षं नावापुरती मालकीण. स्वतःच्या घरात मी राहिले ते एकोणीस दिवस, तेही दिवसाउजेडी, रंगाच्या डब्यांमध्ये.

परतीच्या बसमध्ये आठवलं की भाजी घेतलीच नाही. चामराजपेटला उतरून कोपऱ्यावर पालक घेतला. घरी पोचले तर सगळे चहासाठी माझी वाट बघत बसले होते.