सुवर्णाचं चौथं वर्ष आणि माझे बासष्ट फॉर्म

सुरतच्या लिंबायतमध्ये सकाळी अकराला एखाद्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजायचं, त्या घरचा माणूस दिवसपाळीला आहे. रात्रपाळीवाल्याच्या घरात शिट्टी होऊ देत नाहीत. वाफ फुसफुसायला लागली की बाई कुकर उचलून खाली ठेवते, थोड्या वेळाने परत चढवते, परत उचलते. खोली एकच. तिथेच बारा तास लूम चालवून आलेला माणूस झोपलेला असतो. बाई मुलांना घेऊन ओट्यावर बसते, साड्यांचं धागाकटिंग करते, म्हणजे लोंबणारे जादा धागे कापते, आणि शेजारणीशी बोलायचं तरी कुजबुजत बोलते. पंधरा दिवस असे, पंधरा दिवस तसे.

हे मी नवीन काही सांगत नाही. मी या गल्ल्यांमधून दहा वर्षं रेशनकार्डं, विधवा पेन्शन आणि नवऱ्यांच्या मारझोडीची प्रकरणं घेऊन फिरतेय, मला हे माहीत होतंच. पण ही गोष्ट कॉलेजच्या मुलाखतीत सांगायची असते, हे सुवर्णा निकुंभला सुचलं. मला नसतं सुचलं.

सुवर्णा तेहतीस वर्षांची. माहेर-सासर दोन्ही धुळे जिल्ह्यातलं, पण जन्म सुरतेचा. दहावीपर्यंत पालिकेची मराठी शाळा, मग लग्न, मग मुलगी. बारावी बाहेरून दिली. एकोणतिसाव्या वर्षी गुजराती माध्यमात बी.ए.ला नाव घातलं आणि विषय घेतला मानसशास्त्र. गल्लीत तेव्हा दोन मतं होती. एक म्हणे, हिला भूतबाधा उतरवायचं शिकायचंय. दुसरं म्हणे, नवऱ्याला मुठीत ठेवायचं. नवरा चेतन लूमवर, गरीब स्वभावाचा. तो म्हणायचा, "मुठीत तर मी आधीपासूनच आहे, त्याला डिग्री कशाला?"

तीन वर्षं झाली आणि कॉलेजात चौथं वर्ष निघालं. ऑनर्सचं. त्यात वर्षभर एक संशोधन करायचं, त्यावर प्रबंध लिहायचा, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर बसायचं. पंच्याहत्तर टक्क्यांची अट. सुवर्णाला शहात्तर. पोर्टलवर फॉर्म भरला, विषयाची दोन पानं लिहिली आणि मुलाखतीला गेली. मार्गदर्शक रजनी मॅडम, मराठीच, पण अठवा लाइन्सकडच्या, म्हणजे सुरतेच्या चांगल्या वस्तीतल्या, बँकवाल्या घरातल्या. त्या चारच विद्यार्थी घेणार होत्या. अर्ज अकरा.

मॅडमनी विचारलं, "ताण यावर सगळेच करतात. तुमच्यात वेगळं काय?"

सुवर्णाने कुकरचं सांगितलं. मुलगी खोकला आला की तोंड उशीत घालते, हे सांगितलं. म्हणाली, "मॅडम, झोपणाऱ्या माणसाबद्दल डॉक्टर लोकांनी लिहिलंय. त्याच्या झोपेसाठी जी दिवसभर गप्प बसते तिच्याबद्दल मला काही सापडलं नाही."

तिला घेतलं.

घरात मात्र मुलाखत अजून बाकी होती. ती घेणार सासू, उषाबाई. उषाबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात जलद धागाकटिंगवाली, साठी ओलांडली तरी कात्री थांबत नाही. सुवर्णाच्या वाटणीच्या साड्यांचे धागेही वर्षभर तिनेच कापायचे, असं ठरत होतं. उषाबाईने ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाली, "एक वरीस. त्यानापुढे एक दिन नई."

म्हणजे काय ते समजून घ्या. प्रबंध त्या वर्षात मंजूर झाला तर ऑनर्स. नाही झाला तर तीन वर्षांची साधी डिग्री घेऊन सुवर्णा परत ओट्यावर. दुसरी संधी ना कॉलेज देणार होतं, ना उषाबाई.

आता माझा पराक्रम.

ऐंशी बायकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. तीस प्रश्न, प्रत्येकाला पाच उत्तरं: कधीच नाही पासून नेहमी पर्यंत, एक ते पाच आकडे. जानेवारीत सुवर्णाची कॉलेजची परीक्षा आली. अठरा फॉर्म तिने स्वतः भरून घेतले होते. बाकीचा गठ्ठा माझ्याकडे ठेवून म्हणाली, "ताई, फक्त वाटा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी नंतर वाचून दाखवीन."

फक्त वाटा. मला. जिने या गल्लीला फॉर्म कसा भरतात ते शिकवलं, तिला.

मी मंगळवारी दुपारी आमच्या महिला मंडळाच्या खोलीत बायका जमवल्या. बासष्ट आल्या. मी प्रश्न मोठ्याने वाचले आणि प्रत्येक प्रश्नानंतर सांगितलं, पाच लिहा. माझं साधं गणित होतं. सरकारी कागदावर हाल कमी दाखवले की अर्ज बाद होतो. कुठला रकाना रिकामा सोडायचा नाही, आणि सगळ्यांचं एकसारखं पाहिजे, म्हणजे साहेबाला फट सापडत नाही. बायका तयारीच्या. न सांगता आधारकार्डाची झेरॉक्स आणि फोटो घेऊन आल्या होत्या. मी ते पिनने लावले. वर "नाव लिहू नये" असं छापलेलं होतं, ते मी वाचलं होतं. मला वाटलं छपाईची चूक असेल.

अजून एक. काही प्रश्न उलटे होते. "मला सकाळी ताजंतवानं वाटतं" असला प्रश्न. त्यालाही पाच. म्हणजे माझ्या बासष्ट बायका एकाच वेळी नेहमी थकलेल्या आणि नेहमी ताज्यातवान्या होत्या.

सुवर्णाने गठ्ठा उघडला तेव्हा मी समोरच होते. चहा पाजेल, अशी माझी अपेक्षा. तिने वीसेक कागद उलटले. मग एका कागदावरचा फोटो अंगठ्याने झाकून म्हणाली, "ताई, हे तुमचं उत्तर आहे. बासष्ट वेळा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "दहा वर्षं या गल्लीत चपला झिजवल्यात मी. कोणाला काय त्रास आहे ते मला विचार."

"मग मी तुमचा एकटीचाच फॉर्म भरून घेतला असता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. मी निघून आले आणि आठ दिवस तिच्या गल्लीत पाय ठेवला नाही.

पुढचं मला नंतर कळलं. रजनी मॅडमनी गठ्ठा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सुवर्णा, इतकं एकमत मी माझ्या घरात दोन माणसांतही पाहिलं नाही." मग सरळ सांगितलं की हे वापरता येणार नाही आणि प्रबंध द्यायची एकतीस मार्च ही तारीख पुढे सरकणार नाही. तेव्हा फेब्रुवारीची वीस तारीख. वर्गातली अर्चना, चांगली पोरगी, तिने सुचवलं की आकडे इकडेतिकडे करून टाक, कुठे पाचाचे चार, कुठे पाचाचे तीन, कोण बघायला येणार आहे? कतारगामला तिच्या ओळखीच्या एकाने तसंच केलं होतं आणि तो पासही झाला होता.

सुवर्णा तिला म्हणाली, "मी त्या बायकांमध्येच राहते गं. त्यांच्या नावावर खोटं लिहून रोज त्यांच्याच शेजारी कपडे वाळत घालू?"

मग तिने काय केलं, तर कात्री उचलली. कॉलेजातून आली की एकेकीच्या ओट्यावर जाऊन बसायची, तिच्या गठ्ठ्यातल्या साड्यांचे धागे कापायची आणि विचारायची. कागद पिशवीत. "नेहमी" आणि "क्वचित" असलं काही विचारायचंच नाही. विचारायचं, काल काय झालं ते सकाळपासून सांग. बाई सांगायची, आणि तिचं बोलणं संपलं की सुवर्णा कागद काढून तिच्यासमोर खुणा करायची, वाचून दाखवायची, बरोबर का म्हणून. एका बाईला दीड तास. हे असं बदललेलं चालेल का, हे आधी मॅडमना विचारून घेतलं होतं. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण का बदललं ते प्रबंधात लिहावं लागेल.

नवव्या दिवशी मी पेन्शनच्या कामाने तिकडून जात होते. माझा राग उतरला होता, असं नाही. पण रस्ता तोच. तिथल्याच सुंदराच्या ओट्यावर ती आणि सुवर्णा बसल्या होत्या. सुवर्णाने मला पाहिलं, सुंदराला हळूच विचारलं, "ताई बसल्या तर चालेल का तुला?" सुंदराने मान हलवली. तेव्हा मला म्हणाली, "बसा ताई. पण बोलू नका."

मला कोणी असं सांगत नाही. का कोण जाणे, बसले.

आत सुंदराचा नवरा झोपलेला, रात्रपाळीचा. सुंदरा कुजबुजत सांगत होती. सकाळी आठपासून कसं बाहेर, ऊन ओट्यावर आलं की समोरच्या भिंतीला कसं सरकायचं, दुपारी लघवीला आत जायचं तर पैंजण कसे हातात धरायचे. मी मनात म्हणत होते, बघ, पाच. मग सुवर्णाने विचारलं, "आणि काल रात्री?"

सुंदरा हसली. म्हणाली, "तो रातले खातावर गया म्हणजे खोली मनी. पाय लांब करीसन जपस. पोरी एक बाजूले, मी एक बाजूले. दिन काय, ओटावर बी निघी जास." मनी म्हणजे माझी, खातं म्हणजे लूमचा कारखाना. आणि जपणं म्हणजे झोपणं.

सुवर्णाने विचारलं, मग तुला कुठले पंधरा दिवस बरे वाटतात? सुंदराने क्षणाचाही विचार केला नाही. रात्रपाळीचे.

आता माझी हालत बघा. रात्रपाळी बंद करा म्हणून मी दोन वर्षांपूर्वी कामगार खात्याच्या ऑफिसवर मोर्चा नेला होता. बायकांचा. त्यात ही सुंदरा सगळ्यात पुढे, घसा फाटेपर्यंत घोषणा. मला राहवलं नाही. जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, "मग मोर्चात का ओरडत होतीस गं?"

सुंदरा म्हणाली, "घरमा बोलाले भेटस नई ताई, तठे तरी बोली लिधं."

सुवर्णा खाली मान घालून धागे कापत राहिली. तिचे खांदे हलत होते. मी पण हसले, तोंडावर पदर घेऊन, आत माणूस झोपलेला ना. (सुंदराचं नाव खरं आहे. तिनेच सांगितलं, माझं नाव घाल, नवऱ्याला वाचता येत नाही.)

सगळ्याच सुंदरासारख्या नव्हत्या. काही जणींना खरंच दिवस काढवत नव्हता, दोघींना तर सुवर्णाने मॅडमच्या ओळखीने सिव्हिलमध्ये दाखवलं. पण सरसकट पाच कोणाचंच नव्हतं. कोणाला पाळीचा त्रास नव्हता, पाळी बदलतानाच्या दोन दिवसांचा होता. कोणाला नवऱ्याच्या झोपेपेक्षा सासूच्या जागेपणाचा. मी मोर्चे काढताना हे विचारलं नव्हतं. मला वाटायचं विचारायचं काय त्यात, दिसतंय की.

मार्चच्या वीस तारखेपर्यंत त्रेपन्न नवीन झाल्या, आधीच्या अठरा धरून एकाहत्तर. त्या अठरा जणींनाही ती नव्या पद्धतीने पुन्हा भेटली होती. प्रबंध गुजरातीत लिहिला, एकशे चार पानं. बांधायला देण्याआधी एक पान मला वाचून दाखवायला घेऊन आली. मराठीत सांगते: पहिल्या फेरीतले बासष्ट फॉर्म रद्द केले, कारण एका स्थानिक कार्यकर्तीच्या उपस्थितीचा उत्तरांवर प्रभाव पडला.

"हे काढ," मी म्हटलं.

"नाव नाहीये तुमचं."

"लिंबायतमध्ये दुसरी कोण आहे स्थानिक कार्यकर्ती?"

"ते परीक्षकाला माहीत नाही ताई. आणि काढलं तर हे असं का केलं, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही म्हणाल तर आधी भांडून घेऊ, मग बांधायला देते."

मी पेन तिच्यापुढे सरकवलं. म्हटलं, "'स्थानिक'च्या जागी 'अनुभवी' तरी लिही." तिने ते पण लिहिलं नाही.

तोंडी परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. परीक्षक वडोदऱ्याचे. मी गेले, चेतन दिवसपाळीला होता म्हणून त्याच्या जागी उषाबाई आली. कॉलेज तिने आतून कधी पाहिलं नव्हतं. लिंबायतहून शेअर रिक्षात तिने मला दोनदा विचारलं, परीक्षेत पोरीला उभं ठेवतात की बसवतात. "आठेच बठूत," म्हणत तिने बाहेरचा बाक धरला, मी पण तिथेच बसले. दार अर्धं उघडं होतं.

परीक्षकांनी नेमकं तेच पान काढलं. "हे का ठेवलंत? न लिहिता नुसते एकाहत्तर दाखवले असते तर मला कळलंही नसतं."

सुवर्णा म्हणाली, "सर, बायका खोटं बोलत नव्हत्या. मदत मागायच्या ठिकाणी जसं बोलायचं असतं तसं त्या बोलल्या. ओट्यावर वेगळं बोलल्या. मला दोन्ही पाहायला मिळालं, ते चुकीमुळेच. चूक लपवली तर निम्मं शिकलेलं पण लपवावं लागेल."

उषाबाईने मला कोपराने डिवचलं, "तुमनी गोट चालू शे का?" मी म्हटलं, हो, माझीच.

अर्ध्या तासाने रजनी मॅडम बाहेर आल्या. मंजूर. ग्रेड ए. वरचा प्लस गेला, कारण ऐंशी म्हटल्या होत्या आणि एकाहत्तरच झाल्या. सुवर्णा म्हणाली, बरोबर आहे, नऊ कमी पडल्या. तिचा चेहरा मात्र असा होता की नऊशे कमी पडल्या असत्या तरी चाललं असतं.

मॅडम म्हणाल्या, "ऑनर्सवाल्यांना एम.ए. एका वर्षाचंच आहे. जूनमध्ये फॉर्म निघतील. भरणार ना?"

सुवर्णा म्हणाली, "मॅडम, घरी विचारून सांगते."

बाकावर उषाबाई पायातली चप्पल नीट करत होती. मान वर न करता म्हणाली, "विचारानं काय शे त्यामा? मी आठेच बठेल शे."