कै म्हणजे हात

मशीनला भिणं ही विद्या असेल, तर आमच्या अण्णांइतका विद्वान बेळगावच्या साऱ्या टापूत दुसरा सापडायचा नाही. मी डिप्लोमाला होतो तेव्हा अण्णा आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवत. मूळचे निपाणीकडचे, घरात मराठी-कानडी एकाच ताटात, आणि सारं आयुष्य लेथवर गेलेलं. तरी बंद लेथजवळून जातानाही ते अंग चोरूनच जायचे. "झोपल्याला बैल बी शिंग हलवतोय," म्हणायचे.

वर्कशॉपच्या दारात त्यांची झडती असे. अंगठी, घड्याळ, कडं, मनगटातला गंडा, सगळं एका डब्यात उतरवायचं. मुलींच्या वेण्या टोपीत, ओढण्या बाहेर खुंटीला. एकाचा नुकताच साखरपुडा झालेला. तो अंगठी काढेना. "काढ रं. बोट राहिलं तर लगीन हुईल," अण्णा म्हणाले. दुसऱ्याने देवाचा दोरा आहे म्हणून कुरकुर केली, तर म्हणाले, "देव थांबल की दारात. तेला काय प्रॅक्टिकल हाय?" एकदा प्रिन्सिपॉलसाहेब पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हा अण्णांनी हात जोडून, मान लववून त्यांचा टाय मागून घेतला. साहेबांनी निमूट दिला. पाहुण्यांनी तर न सांगताच आपापले काढले. असं हे कडक सोवळं, आणि आम्ही अण्णांच्या पाठीमागे यथेच्छ हसायचो.

हसण्यात मी सगळ्यांत पुढे. मी जांबोटीकडचा, कानडी मला नावापुरतं. एकदा लेथवर गरगर फिरणारी लोखंडाची दांडी सोलत होतो. तिच्यातून सुटणारी लांब, धारदार चिप गुंता होऊन अडकायला लागली. आधी मशीन बंद करायचं, मग आकड्याने ती काढायची, हे अण्णांनी शंभरदा सांगितलेलं. मी घाईत हात घातला. लांबून अण्णा ओरडले, "कै! कै!"

घाबरले की त्यांच्या तोंडून कानडी निघायचं, आणि कानडीत कै म्हणजे हात. मला ऐकू आलं 'काय'. मी शहाण्यासारखी मान वळवून विचारलं, "काय, अण्णा?" हात होता तिथेच. चिप बाहीत अडकली, बाही आत ओढली जाऊ लागली. त्या वयात हा माणूस कसा धावला देव जाणे, पण लाल बटणावर त्यांची मूठ आदळली. बाही फाटली, मनगटावर एक ओरखडा उठला, हात शाबूत राहिला. अण्णा स्टुलावर बसले. "कै म्हटलं की हात काढायचा रं," ते कसेबसे म्हणाले, "काय म्हणून इचारायचं न्हाय." त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते गळ्यात कंडक्टरची शिट्टी अडकवून आले. "हिला कानडी बी येत न्हाय, मराठी बी येत न्हाय. वाजली की समद्यांनी हात मागं." चूक सगळी माझी, ती त्यांनी आपल्या जिभेवर घेतली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नव्या मुलांना लेथ शिकवतो. तीही माझ्या पाठीमागे हसतात, आणि मला ते ऐकून बरं वाटतं. अण्णा रिटायर होऊन निपाणीला असतात. थकलेत, ऐकूही कमी येतं. भेटायला गेलो की आधी माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट बघत राहतात. परवा आक्का, म्हणजे त्यांची बायको, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भविष्य बघतायसा काय पोराचं?"

"बघितलं," अण्णा हात न सोडता म्हणाले, "लई चांगलं हाय."