इंजीनियर साब आणि गार हवेची नळी

कुठलीही वस्तू घेण्याआधी मामा ती गालाला लावून पाहत. टरबूज, फरशी, स्टीलचा डबा, काहीही. झाशीतल्या खंडेराव गेटच्या दुकानदारांना याची सवय झाली होती, मामींना कधीच झाली नाही. माझ्या लग्नाच्या शालूलाही त्यांनी भर दुकानात गाल टेकवला, तेव्हा मामी आपण त्यांच्या कुणी नाहीच अशा चेहऱ्यानं दोन दुकानं पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

मामा सरकारी कारखान्यात नकाशे सांभाळणारे कारकून होते. गल्ली मात्र त्यांना 'इंजीनियर साब' म्हणे आणि मामांनी तो गैरसमज जिवापाड जपला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना ट्रक घेतला, रामसेवक नावाचा ड्रायव्हर ठेवला आणि शहराबाहेरच्या बिजौलीच्या कारखान्यांचा माल इकडून तिकडे नेऊ लागले. अडचण एकच होती. मे महिन्यात भरलेला ट्रक चढावर धापा टाकायचा आणि अर्ध्यात बसायचा.

अशाच एका मेमध्ये त्यांचा मुलगा नितीन पुण्याहून आला. ट्रक विका आणि दोघं माझ्याकडे चला, असं तो तीन वर्षं सांगत होता. या वेळी घर रिकामं करायच्या तयारीनंच आला होता. मामांनी पैज लावली. रविवारी भर दुपारी पूर्ण गिट्टी, म्हणजे खडी, भरून ट्रक बिजौलीपुढचा चढ चढला तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाही चढला तर ते मुकाट्यानं सामान बांधतील. बोलून बसले खरे, पण त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना, हे मामींनी मला हळूच सांगितलं.

निदान मात्र तयार होतं. "इंजिन गरम हवेत श्वास घेतंय, बाई. बाहेरची गार हवा द्या, बघ कसं पळतं." म्हणजे बाहेरून इंजिनापर्यंत एक नळी हवी. ती कशाची, यात तीन दिवस गेले. प्रत्येक तुकडा मामींच्या पातेल्यात पाच मिनिटं उकळायचा आणि मग गालाला. प्लास्टिकच्या पाइपानं पातेल्यातच मान टाकली. लोखंडी पत्र्यानं मामांचा गाल भाजला. कूलरची कापडी नळी त्यांना फार आवडली, पण इंजिन सुरू होताच ती आत ओढली जाऊन चपटी झाली. शेवटी अॅल्युमिनियम ठरलं, वळणावर जाड रबर. पटकन तापतं पण पटकन निवतंही, अगदी तुझ्या मामीसारखं, असं मामा मला म्हणाले. मामींनी पातेलं काढून घेतलं.

इथे थांबले असते तर ठीक होतं. पण वाळ्याशिवाय गार हवा असते, हे झाशीच्या माणसाला पटत नाही. शुक्रवारी मामांनी खिडकीचा वाळ्याचा पडदा कापला, भिजवला आणि नळीच्या तोंडाला बांधला. पाणी थेट फिल्टरमध्ये गेलं आणि ट्रक गल्लीच्या तोंडाशीच बंद पडला. रामसेवक खाली उतरून म्हणाला, "साहब, चली तो नहीं, पर महक बढ़िया आई." शनिवारी नवा फिल्टर बसला, वाळ्याला रजा मिळाली.

रविवारी रामसेवक ताडपत्री आवळून गिट्टी घेऊन आला. मामा त्याच्या शेजारी बसले, नितीन आणि मी स्कूटरवर मागे. ट्रक चढ चढला, एकदाही न थांबता. वर पोचल्यावर मामा खाली उतरले. रस्त्याकडेच्या दगडावर बसून रुमालानं डोळे पुसत राहिले आणि धूळ फार आहे म्हणाले. नितीन एकटाच पुण्याला परतला.

त्यानंतर पूर्ण माल भरला की ट्रक पुन्हा बसायचाच. हल्लीची गिट्टीच जड येते, असं मामा सांगत. सहा वर्षांनी ते झाशीतच, स्वतःच्या खाटेवर गेले. मला अजून त्यांची फार आठवण येते.

तेराव्याला रामसेवक माझ्यापाशी आला. त्या रविवारी सकाळी नितीनभैया एकटेच गिट्टीच्या खाणीवर आले होते, म्हणाला. "बोले, गाड़ी आधी ही भरना, और बाबा को मत बताना." ताडपत्रीखाली अर्धीच गिट्टी होती.

नितीन ओसरीत सतरंज्या गुंडाळत होता. न्यायला आला होतास ना, मग असं का केलंस, असं मी त्याला विचारलं. तो गुंडाळतच राहिला.

"ते तीन दिवस मी त्यांना बघत होतो," तो म्हणाला. "पुण्यात नेऊन मी त्यांना काय उकळायला दिलं असतं?"