डिस्कच्या बाजूचा माणूस

सुधीर गेल्याचं त्याच्या बायकोनं, वंदनावहिनींनी, फोनवर सांगितलं. शोकसभेचं निमंत्रण मागाहून आलं, आमच्या कंपनीच्या चिन्हासकट. सभेत संचालक म्हणाले, सुधीर सर्वांना सांभाळून घेणारा होता. शेजारी बसलेल्या वहिनी हळूच मला म्हणाल्या, "भाऊ, हे कोनाबद्दल बोलून राहिले?"

सुधीर संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काम करायचा. काही मोठ्या डिस्कचे विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागात पहिल्यापासून क्रमानंच लिहावं लागतं. मधली जागा सोडता येत नाही, मागे जाऊन खोडता येत नाही. लिहायला मात्र सगळे एकदमच धावतात. सुधीरच्या कोडनं त्यांना रांगेत उभं केलं... एका विभागात एका वेळी एकच, त्याचं झालं की पुढचा. तर्री-पोह्याच्या गाडीवर नागपूरकरांना जे कधी जमलं नाही, ते त्यानं डिस्कवर करून दाखवलं.

मग एका बड्या ग्राहकासमोर प्रात्यक्षिक ठरलं. वेग जास्त दिसावा म्हणून संचालकांनी हा नियम तेवढ्यापुरता सैल करायला सांगितला. सुधीर म्हणाला, "क्रम चुकला का डिस्क लिहू देत नाही, सायेब. मी तिच्या बाजूनं आहो."

काम त्याच्याकडून काढून घेतलं. प्रात्यक्षिक बिनबोभाट पार पडलं, शाली वाटल्या गेल्या. मी त्याला चिडवलं, तर म्हणाला, "एक दिवस पडली नाही म्हनून भित सरळ होते का गा?" त्यानं स्वतःच्या पैशानं मशीन घेतलं, हुडकेश्वरच्या घरात मांडलं आणि सैल नियमावर ताण देत चाचणी चालवत राहिला. एकदा क्रम चुकलाच. तो पुरावा त्यानं हा गाभा मिळून लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांसमोर उघडपणे ठेवला. त्यांनी त्याला कोड पुन्हापुन्हा लिहायला लावला, त्यानं लिहिला, आणि त्याचा नियम गाभ्यात कायम झाला. कंपनीनं अभिनंदनाचा फलक लावला. स्वतःच्याच अभिनंदनाचा.

म्हणून सभेत मी उठून एवढंच म्हणालो, "सुधीर सांभाळून घेणारा नव्हता. त्यानं नाही म्हटलं होतं, आणि याच दालनात म्हटलं होतं." टाळ्या पडल्या नाहीत. बरंच झालं.

परवा हुडकेश्वरला गेलो. त्याच्या खोलीत मशीन घरघरत होतं. कंपनीचा माणूस ते न्यायला येऊन गेला होता, म्हणे दालनात काचेच्या कपाटात, हार घालून ठेवायचं.

"मंग तुम्ही काय म्हटलं?" मी वहिनींना विचारलं.

"म्हटलं, चाचणी सुरू हाय. संपली का फोन करीन."

ती चाचणी कोणी थांबवल्याशिवाय थांबत नाही. सुधीरनं ती तशीच लिहिली आहे, आणि वहिनींना ते पक्कं माहीत आहे.