गुळाचं अंगण

मुंबईतल्या एका पेढीवर मी तीस वर्षं पत्रांच्या नकला काढल्या. केस पांढरे झाल्यावर गावी परतलो, तेव्हा माझ्या हाताला लेखणीखेरीज कुठल्याही हत्याराची ओळख नव्हती. पण तोंडाला होती. दाभोळच्या खाडीत आगबोटीतून पडावात उतरेपर्यंत मी आमच्या मंडळीला, म्हणजे माझ्या बायकोला, कोकणातल्या अंगणाचं एवढं वर्णन ऐकवलं की पडाववाल्याने वल्हं थांबवलं. आमच्या अंगणात, मी म्हणालो, तोंड दिसतं. मी लहान असताना एक साळुंकी त्यावर घसरून पडली आणि आठ दिवस लंगडत होती.

मंडळीने खाडीकडे पाहत विचारलं, "कुठला पाय?"

तिला मुंबई सोडायची नव्हती. गिरगावातल्या चाळीत तिचा सगळा जीव. वरच्या मजल्यावर कांदाभजी तळल्याचा वास आला की खालच्या मजल्यावर आज कोणाचा उपास मोडणार हे ती सांगायची. गॅलरीत उभं राहून चार घरच्या गप्पा एका वेळी मारायची. आमचं गाव अंजनवेलपासून बैलगाडीने अर्धा दिवस आत, रानाला पाठ लावून बसलेलं. शेजारचं घर दिसतं, पण तिथल्या बाईला हाक ऐकू जायची तर वारा आपल्या बाजूचा लागतो. चार महिने पाऊस पडला. अंगणात गवत इतकं वाढलं की आमची विहीर पंधरा दिवस सापडली नाही. मंडळी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

श्राद्धपक्ष संपला तसं तिने सांगून टाकलं. तुळशीच्या लग्नाला ती वाडीतल्या बायकांना बोलावणार. त्या दिवशी अंगण मी म्हणालो तसं असलं, एकही खड्डा नसला, तर ती इथे राहील. नाहीतर पुढच्या आगबोटीने थोरल्या मुलाकडे मुंबईला. मी हवं तर इथे वानरांबरोबर राहावं, असंही ती म्हणाली, आणि त्याच दिवशी ट्रंकेत दोन लुगडी घालून ठेवली. मला दिसतील अशी.

कोकणात पावसाने उखडलेलं अंगण दसऱ्यानंतर नव्याने करतात. गवत तासायचं, माती खणायची, पाणी घालून सारखी करायची, आणि मग चोपणीने बडवायची. चोपणी म्हणजे मूठ असलेला जड लाकडी ठोकळा. वाकून दिवसभर बडवायचं, वर शेणाने सारवायचं, की झालं. शेजारचे बाबा सत्तरीचे, आयुष्य शेतात गेलेलं. ते आपण होऊन आले आणि म्हणाले, तिन्ही सुना घेऊन येतो, दोन दिवसांत अंगण देतो. मी नको म्हटलं. बाबांच्या सुनांनी केलेल्या अंगणावर माझी बढाई कशी उभी राहणार?

शिवाय माझ्याकडे एक गुपित होतं. मुंबईत आमच्या पेढीसमोर मोठी इमारत उठत होती तेव्हा गवंडी चुन्यात गूळ घालताना मी डोळ्यांनी पाहिले होते. गुळाने चुना दगड होतो. चुना दगड होतो तर माती काय फत्तर व्हायची नाही? गवंड्याला मी काहीच विचारलं नव्हतं. कारकुनाला बघूनच सगळं कळतं.

घरात वर्षाची बेगमी म्हणून घाटावरच्या गुळाची एक आख्खी ढेप होती. मंडळी देवपूजेला बसली की मी तिच्यातला एक तुकडा फोडायचो, बादलीत विरघळवायचो, आणि मातीत ओतून बडवायचो. सहा दिवस बडवलं. पाठ अशी वाकली की सातव्या दिवशी मी बसलो आहे की उभा आहे हे मंडळीला विचारावं लागलं. पण अंगण! तांबूस, गुळगुळीत, उन्हात चमकणारं. मी त्यावर अनवाणी चालून दाखवलं. मंडळी ओट्यावर उभी राहून बघत होती. तिने पायाच्या अंगठ्याने एक कोपरा दाबून पाहिला आणि ठीक आहे म्हणाली. तिच्या तोंडून ठीक आहे म्हणजे राजदरबारात शालजोडी.

दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. आधी काळ्या, मग तांबड्या, मग डोंगळे. रत्नागिरी जिल्ह्यातली एकही मुंगी त्या दिवशी घरी राहिली नसावी. तुळशीवृंदावनापासून न्हाणीपर्यंत रांग, आणि त्या रांगेत मला वाटतं काही सिंधुदुर्ग किल्ल्यावरून चालत आलेल्या होत्या. त्या दमलेल्या दिसत होत्या. मी वर शेणाचा जाड हात दिला. मुंग्या खालून लागल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो अंगणात सात खड्डे. प्रत्येकात माझा हात कोपरापर्यंत जाई. मी ओरडणार होतो, पण मंडळी झोपली होती. गपचूप माती आणली, गूळ जास्त घातला, कारण पहिल्या वेळी कमी पडला असणार, आणि ती उठायच्या आत बडवून सारवून टाकलं. चौथ्या दिवशी नऊ खड्डे. मी आणखी गूळ घातला.

हे रोजचं झालं. दिवसा पाहुणे वेगळे. वानरांची टोळी ऐनाच्या झाडावर ओळीने बसायची आणि मी बडवत असताना मान हलवायची, जणू कामावरचे मुकादम. त्यातला एक म्हातारा वानर तर माझ्यासारखाच कमरेवर हात ठेवून उभा राही. एक मोर रोज यायचा, मुंग्या टिपायचा आणि अंगणाच्या मधोमध पिसं झाडून जायचा. मुंगूस आलं, घोरपड आली. मंडळीच्या चाळीतही इतकी वर्दळ नव्हती. पण खड्डे कोण करतं ते कळेना. मी रानडुकराचा संशय घेतला आणि मंडळीला, तिने विचारलं नसतानाही, सांगितलं की आमच्याकडची रानडुकरं बैलाएवढी असतात.

इकडे ढेप उतरत चालली. मंडळी म्हणाली, उंदीर लागलेत. मी लगेच होकार दिला. एवढंच करून थांबायचं, तर मी वर सांगितलं की काल एक पाहिला, मांजराएवढा, चालताना धापा टाकत होता. तिने दुसऱ्या दिवशी गुळाच्या डब्यात उंदराचा चाप लावला. तो मला लागला. अंगठा टरारून सुजला. चोपणी लागली, असं मी सांगितलं. तिने हळद लावून चिंधी बांधली आणि अगदी मायेने विचारलं, "चोपणीला दात असतात का हो?"

मी म्हणालो, जुन्या चोपणीला असतात.

तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा मी खड्डे करणाऱ्याला गाठायचं ठरवलं. उजाडताना धुक्यात बाहेर पडलो. अंगणात फणस पडलेला. चांगला मोठा, काटेरी, तपकिरी. बाबांनी पाठवला असेल असं वाटलं. कार्तिकात फणस कुठला, हा विचार शहाण्या माणसाला आला असता. मला तो पिकलाय की कच्चा एवढंच पाहायचं होतं. फणसाला टिचकी मारून आवाज ऐकायची आपली रीत. मी खाली बसलो, कान जवळ नेला आणि टिचकी मारली.

फणसाने सुस्कारा सोडला.

मग तो उलगडला. आधी शेपूट आलं, मग पाय, मग एक लांबोडकं तोंड, आणि त्या तोंडाने माझ्याकडे असं पाहिलं की पेढीवरचे आमचे थोरले शेठ आठवले. मी तुळशीवृंदावनावर कसा चढलो ते मला माहीत नाही. तिथून पाहिलं. ते जनावर म्हशीच्या रेडकाएवढं होतं. बरं, बोक्याहून पुष्कळ मोठं होतं. अंगभर कौलांसारखी खवलं. ते शांतपणे माझ्या कालच्या बुजवलेल्या खड्ड्याशी गेलं, नखांनी तो उकरला, लांबलचक जीभ आत घातली, मुंग्यांचा फराळ केला आणि आंब्याखालून रानात निघून गेलं. जाताना मागे पाहिलंसुद्धा नाही. माझी लाज कोणी पाहिली नाही या समाधानात मी खाली उतरलो.

लग्नाच्या दिवशी सकाळी अंगणात अकरा खड्डे होते आणि डब्यात गुळाचा खडा नव्हता. चोपणी उचलायला माझे हात वर होईनात. मंडळीने ट्रंकेला दोरी बांधून ती ओट्यावर आणून ठेवली होती. आगबोट दुसऱ्या दिवशीची.

उसाचं खोपटं उभं करायला शेजारचे बाबा आले. त्यांनी खड्डे पाहिले. खाली बसले, ढेकूळ उचललं, हुंगलं, आणि जिभेला लावलं. मी डोळ्यांनी खुणा करत होतो, पण म्हातारा मातीशी बोलत होता. मग मंडळीसमोरच म्हणाले, "भाऊ, अंगान चोपलाव की लाडू वललाव?"

मी खरं सांगितलं. आयुष्यात एवढं लांब खरं मी कधी बोललो नव्हतो. मध्ये दोनदा दम लागला. गवंडी, चुना, ढेप, चाप, सगळं; फणसाची टिचकी तेवढी गाळली. मांजराएवढा उंदीर मीच होतो हेही सांगितलं. बाबा समजावू लागले की गुळाला मुंगी लागते आणि मुंगीमागे खवल्या मांजर येतं, हे त्यांच्या धाकट्या सुनेलासुद्धा ठाऊक आहे. मंडळी आत गेली.

संध्याकाळी वाडीतल्या बायका आल्या. त्या खड्ड्यांमधून वाट काढत अशा आल्या, जणू ओढा ओलांडतायत. भटजी मंगलाष्टकं म्हणताना एका पायाने खड्ड्यात होते, त्यामुळे सावधान म्हणायच्या वेळी सगळ्यांनी त्यांच्याकडेच पाहिलं. अक्षता पडल्या तशा अर्ध्या खड्ड्यांत गेल्या. मला एकही खड्डा मोजायचा धीर नव्हता. मी ट्रंकेकडे पाहत होतो. आणि बायका मंडळीला विचारत होत्या, हे झालं कसं? मंडळी सांगू लागली. आधी एकीला, मग तिघींना, मग सगळ्या ओट्यावर चढून तिच्याभोवती बसल्या. फणसाची टिचकी तिने हाताने करून दाखवली. ते रेडकाएवढं जनावर तिच्या तोंडी गव्याएवढं झालं, आणि मी वृंदावनावर नव्हे तर माडावर चढलो. बायका डोळे पुसत होत्या. गिरगावातल्या गॅलरीत असायचा तो तिचा आवाज मी सहा महिन्यांनी ऐकला.

सगळ्या गेल्यावर मी विचारलं, टिचकीचं तुला कसं कळलं?

"खिडकीतून. मी रोज पहाटे बघते त्याला," ती म्हणाली. "तुम्ही पहिले खड्डे बुजवलेत त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही गूळ घालायचं थांबवलं असतंत."

मी ट्रंकेकडे बोट दाखवलं. ती उठली, दोरी सोडली, दोन्ही लुगडी बाहेर काढून आत खुंटीवर टाकली.

"पुढच्या वर्षी अंगण बाबांच्या सुना आणि मी करू," ती म्हणाली. "तुम्ही चोपणीला हात लावायचा नाही. आणि उद्या आगबोटीवर माणूस जाईलच, त्याच्याकडून ढेप मागवा. अर्धी घराला लागेल."

उरलेली अर्धी कशाला, ते मी विचारलं नाही. थोरल्याला पत्र लिहायला बसलो, की घरी पाहुण्यांची फार ये-जा असल्यामुळे आईला इतक्यात मुंबईला येणं जमणार नाही.